‘लेडी डॉक्टर आहे का?’

१९९९च्या डिसेंबरमध्ये मी इंदापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट त्या एकाच केंद्राची नाही. गाळप हंगाम ऐन भरात होता. उसाने लादलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रंदिवस कारखान्याकडे चालल्या होत्या. कालव्याच्या कडेला बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडल्या होत्या. पहिल्याच सकाळी ओपीडीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. वय पस्तिशीचं असेल, दिसायला पन्नाशीची. तिने आत डोकावून पाहिलं आणि शिपायाला विचारलं, “लेडी डॉक्टर हाय का?”

मी समोरच्याच खुर्चीत बसले होते. चोवीस वर्षांची, एका वेणीची. तिला मी नर्स वाटले. शिपायाने माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा ती आत आली, दार लोटून घेतलं आणि मग बोलायला लागली. तीन वर्षांपासून तिचं अंग बाहेर येत होतं. तशाच अवस्थेत ती वाकून ऊस तोडत होती, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढत होती. “इतके दिवस कुणाला दाखवलं नाही का?” असं मी विचारलं. ती म्हणाली, “गडीमाणसाला कसं दावायचं, बाई?”

त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आपली इथे गरज आहे, असं वाटलं. संध्याकाळी क्वार्टरवर गेले तेव्हा कळलं की दाराला आतून कडीच नाही. चौकट वाळवीने पोखरलेली, त्यामुळे नवी कडी आणून बसवली तरी स्क्रू धरत नव्हता. वीज रात्री आठला गेली ती पहाटेच आली. मी पुस्तकांनी भरलेली पत्र्याची ट्रंक ओढत नेऊन दाराला लावली आणि झोपले. चौकट बदलून मिळावी म्हणून केलेले तीन अर्ज ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ या शेऱ्यावर थांबले. पुढची दोन वर्षं ती ट्रंक तिथेच राहिली. रात्री बाळंतपणासाठी हाक आली की आधी ट्रंक सरकवायची, मग चपला शोधायच्या.

दिवसा विचारला जाणारा तो प्रश्न आणि रात्री दाराला लावलेली ती ट्रंक यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर, बारामतीत स्वतःचा दवाखाना चालवताना आणि सवडीने जुनं वाचताना, मला वाटायला लागलंय की या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासातून आल्या आहेत. तो इतिहास इथे मांडून पाहते.

१

१८७६-७८चा दुष्काळ सरल्यावर, १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात पाणी घेऊन आला. त्याच दशकात हिंदुस्थानात ‘लेडी डॉक्टर’ हा शब्द रुजला.

त्याची सुरुवात सांगताना पन्नाच्या महाराणीची हकीकत हमखास सांगितली जाते. १८८१ साली एलिझाबेथ बील्बी नावाच्या मिशनरी बाई लखनौहून पन्नाला गेल्या आणि त्यांनी आजारी महाराणीवर उपचार केले. परतताना महाराणीने त्यांच्याजवळ व्हिक्टोरिया राणीसाठी निरोप दिला: इथल्या बायका आजारपणात फार सोसतात, हे राणीला सांगा. निरोप लहानशा कागदावर लिहून लॉकेटमध्ये घालून नेला, असं सांगतात. पुढे व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी १८८५ साली हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्रियांकडून वैद्यकीय मदत मिळावी म्हणून मोठा निधी उभारला. तोच डफरिन फंड.

मुंबई त्याच्याही आधी कामाला लागली होती. जॉर्ज किट्रिज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी पैसे जमवले. पेस्तनजी कामा यांनी इस्पितळासाठी मोठी देणगी दिली. १८८३ साली ग्रँट मेडिकल कॉलेजची दारं मुलींना उघडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची मुंबईत आल्या. १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं. तिथे रुग्णही बायका आणि डॉक्टरही बायका.

या सगळ्या धावपळीत एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा येतो: आमच्या बायका मेल्या तरी पुरुष डॉक्टरला हात लावू देणार नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात. तो खोटा नव्हता. माझ्या ओपीडीच्या दारात उभी राहिलेली बाई शंभर वर्षांनंतर तेच म्हणत होती. शिवाय तो अतिशय उपयोगी होता. ‘बाईला शिकण्याचा हक्क आहे’ असं म्हटलं की सनातनी उठून उभे राहायचे. ‘बाईचं दुखणं बाईलाच कळतं’ असं म्हटलं की तेच सनातनी मान डोलवायचे. पडदा पाळणाऱ्या घरांना पडदा न मोडता उपचार मिळणार होते. कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

पण एखादं दार ज्या कारणासाठी उघडतं, त्या कारणाएवढंच ते उघडतं. हे दार रुग्ण बाईच्या गरजेपोटी उघडलं होतं. आत येणाऱ्या डॉक्टर बाईला काय लागेल, तिला काय वाटेल, तिला कुठलं काम करायचं असेल, हा विचार त्यात कुठेच नव्हता.

२

आनंदीबाई जोशींची कथा आपल्याला पाठ आहे. १८६५चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल आणि ते दहा दिवसांत गेलं. १८८३ साली त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. जाण्यापूर्वी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी ‘मी का जाते’ हे जाहीरपणे सांगितलं. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला लिहिलेल्या अर्जातही त्यांनी वरचाच युक्तिवाद केला होता: आपल्या देशातल्या ज्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे. अठरा वर्षांच्या मुलीने काय बोललं म्हणजे दार उघडेल, हे अचूक ओळखलं होतं.

११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाचं काम देऊ केलं. त्या परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, तेव्हा बावीसही पूर्ण नव्हती. एकाही रुग्णाला त्यांनी आपल्या देशात नेमणुकीवर राहून तपासलं नाही.

आपल्या शाळांमध्ये, भाषणांमध्ये, महिला दिनाच्या फलकांवर आनंदीबाई असतात त्या त्यागाची मूर्ती म्हणून. त्यांच्याबद्दल आदर मलाही आहे. पण डॉक्टर म्हणून त्यांची गोष्ट वाचताना माझं लक्ष वेगळ्याच ठिकाणी अडकतं. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात नऊवारीत राहणारी, शाकाहारी, आधीपासूनच प्रकृतीने नाजूक असलेली मुलगी तीन वर्षं राहिली कशी? खोलीत ऊब होती का? जेवणाचं काय? तिला लागलेल्या क्षयाच्या पायऱ्या तिच्या राहण्याजेवणातून गेल्या होत्या का? आपल्याकडे हे प्रश्न विचारले जात नाहीत, कारण ते जरा क्षुद्र वाटतात. त्याग मोठा, शेगडी छोटी. पण मला ट्रंक आठवते, आणि शेगडी क्षुद्र वाटत नाही.

३

रखमाबाईंची गोष्ट आनंदीबाईंइतकी पाठ नसते. दोघींच्या वयात जेमतेम चार महिन्यांचा फरक. रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४चा, मुंबईचा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालं. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या वाढल्या, वाचायला शिकल्या आणि मोठ्या झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८४ साली दादाजींनी फिर्याद केली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलानंतर मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट हुकूम काढला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंग चालेल, असं त्या म्हणाल्या. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

तारखा शेजारी ठेवून बघा. फेब्रुवारी १८८७मध्ये आनंदीबाई गेल्या आणि अख्खं पुणं हळहळलं. मार्च १८८७मध्ये रखमाबाईंवर हुकूम झाला आणि त्याच पुण्यातून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ त्यांच्यावर तुटून पडले. आनंदीबाईंच्या शेवटच्या आजारपणात टिळकांनी आस्थेने मदत पाठवली होती. तेच टिळक रखमाबाईंच्या विरोधात उभे होते. यात मला विसंगती दिसत नाही. आनंदीबाई देशातल्या बायकांसाठी शिकत होत्या, नवऱ्याच्या संमतीने. रखमाबाई म्हणत होत्या, हे माझं शरीर आणि माझं आयुष्य, मी जाणार नाही. पहिली मागणी त्या दारात मावत होती. दुसरी मावत नव्हती.

याच रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. एडिथ पीची आणि इतरांच्या मदतीने १८८९ साली लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये गेल्या, १८९४ साली पात्र झाल्या आणि परत येऊन सुरतेला रुजू झाल्या. सुरतेत त्यांची एक आठवण सांगितली जाते. बायका बाळंतपणासाठी इस्पितळात यायला घाबरत, म्हणून त्यांनी गाभण शेळी आणून तिचं बाळंतपण इस्पितळात केलं. शेळी वाचते तर आपणही वाचू, असं बायकांना वाटावं म्हणून. प्लेगच्या साथीत त्या काम करत राहिल्या. नंतर राजकोटच्या जनाना हॉस्पिटलमध्ये निवृत्त होईपर्यंत. जवळजवळ पस्तीस वर्षांची नोकरी. २५ सप्टेंबर १९५५ला गेल्या तेव्हा नव्वद ओलांडली होती.

हुतात्मा आठवायला सोपा जातो. पस्तीस वर्षं रोज सकाळी वॉर्डात राउंड घेणारी बाई आठवायला अवघड जाते. पण स्त्री डॉक्टरांचा इतिहास खरा तिचा आहे.

४

रखमाबाईंच्या नोकरीच्या काळात सरकारी व्यवस्था कशी होती तेही पाहू. हिंदुस्थानातली वरिष्ठ वैद्यकीय नोकरी म्हणजे इंडियन मेडिकल सर्व्हिस. ती बायकांना बंद होती. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन पुरुषच असणार. डफरिन फंडाच्या इस्पितळांत बायका काम करत, पण देखरेख सिव्हिल सर्जनची. ज्या रुग्णांना पुरुष डॉक्टर चालत नाहीत म्हणून लेडी डॉक्टर नेमली, त्याच इस्पितळात शेवटचा शब्द पुरुष डॉक्टरचा. १९०७ साली स्त्री डॉक्टरांनी आपली संघटना काढली आणि पाठपुरावा केला. तेव्हा १९१४ साली विमेन्स मेडिकल सर्व्हिस सुरू झाली. तीही वेगळी, छोटी आणि कमी पगाराची. १९१८ साली तिच्यात येण्याचं बोलावणं रखमाबाईंना आलं. त्यांनी ते नाकारलं आणि संस्थानी इस्पितळातच राहिल्या.

एडिथ पीचींचंही सांगायला हवं. एडिंबरा विद्यापीठात १८६९ साली वैद्यकासाठी झगडलेल्या सात जणींपैकी त्या एक. मुंबईत आल्यावर त्यांनी बालविवाहाविरुद्ध भाषणं केली, हे अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. बायकांना पुरुषांइतकंच वेतन मिळावं असाही त्यांचा आग्रह होता, ते मात्र कमी ठिकाणी सांगितलं जातं. दया आणि सुधारणा यांच्या यादीत पगार बसत नाही.

म्हणजे एका पिढीतच साचा पक्का झाला होता. लेडी डॉक्टर हवी, पण बायकांच्या वॉर्डात. तिने प्रसूती बघावी. तिच्या हाताखाली परिचारिका आणि सुईणी असाव्यात आणि तिच्या डोक्यावर साहेब असावा. तिचं काम ‘सेवा’ म्हणवलं जावं, म्हणजे पगाराची गोष्ट काढणं तिलाच बरं वाटणार नाही.

मला सर्जरी करायची होती. १९९८ साली इंटर्नशिपमध्ये एका वरिष्ठांनी प्रेमाने समजावलं, “बाळ, गायनॅक घे. तुला संसार आहे, पेशंटलाही बाई लागते.” कॉलेजचं नाव घेण्यात अर्थ नाही, ते कुठेही म्हणाले असते. गंमत अशी की गायनॅक म्हणजे रात्री-अपरात्रीची बाळंतपणं. सर्जरीपेक्षा संसाराला ते सोपं कसं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मी गायनॅक घेतलं. तक्रार नाही, काम आवडलं. पण ती निवड माझी होती की १८८५ची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

५

आता उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगते. त्या अरुंद दारातून ज्या बायका आत आल्या, त्यांनी आत गेल्यावर भिंती सरकवल्या.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण डॉ. बानू कोयाजींचं. १९४४ साली त्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये आल्या. पुढे शिरूर तालुक्यातल्या वढू इथे त्यांनी ग्रामीण आरोग्याचं काम उभारलं. गावातल्याच मुलींना आणि बायकांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या केलं. इस्पितळात येणाऱ्या बाईची वाट बघण्याऐवजी इस्पितळ तिच्या गावात नेलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. निष्कर्ष जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तोवर जगाच्या दृष्टीने गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बाई गरोदर नसतानाही तिला शरीर असतं, ते दुखतं, ही गोष्ट आकड्यांत मांडायला गावातल्या बायकांनी जिच्यापुढे तोंड उघडलं अशी डॉक्टर लागली. ‘बाईचं दुखणं बाईलाच कळतं’ या वाक्याचा हा सर्वांत मोठा अर्थ आहे, असं मी मानते.

आणि हेही खरं की नुसती डॉक्टर भेटून बाईचं भलं होतंच असं नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेला आकडा होता ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१. माझ्या पहिल्या ओपीडीतली ती बाई त्याच जिल्ह्याची. तिच्या तक्रारीवर मी रिंग पेसरी बसवली, व्यायाम सांगितले, ओझं उचलू नको म्हटलं. तिने मान डोलवली आणि दुसऱ्या दिवशी फडात गेली. तिचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. म्हणून ‘लेडी डॉक्टर हाय का’ हा प्रश्न चुकीचा, असं मी कधीच म्हणणार नाही. तो तिचा हक्काचा प्रश्न आहे. अडचण एवढीच, की तो विचारून झाल्यावर व्यवस्थेला वाटतं, आपलं काम संपलं.

६

कायद्यानेही हा प्रश्न उचलून धरला आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटकेतल्या बाईची तपासणी स्त्री डॉक्टरनेच किंवा तिच्या देखरेखीखाली व्हायला हवी होती. २०१२च्या पोक्सो कायद्यात पीडित मुलीच्या तपासणीसाठी स्त्री डॉक्टर सांगितली आहे. दोन्ही तरतुदी योग्य आहेत. त्यांचा तालुक्याच्या पातळीवरचा अर्थ असा, की आसपासच्या पाच केंद्रांत एकच बाई डॉक्टर असेल तर रात्री दोन वाजता जीप तिच्याच दारात येते. दोन वर्षांत मी अशी किती वेळा गेले त्याचा हिशोब नाही. परत कोण सोडणार, हा प्रश्न दर वेळी नव्याने निघायचा. एकदा पहाटे चारला मला उसाच्या ट्रॅक्टरवर बसून परत यावं लागलं. ट्रॅक्टरवाल्याने मात्र गाणी बंद केली होती, दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं आणि “ताई, आत जावा, मग निघतो” म्हणाला.

९ ऑगस्ट २०२४ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. ती रात्री विश्रांतीसाठी सेमिनार रूममध्ये गेली होती. २० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्या आदेशात न्यायालयाने ज्या गोष्टी मोजून सांगितल्या त्या वाचताना मी थांबले. रात्रपाळीच्या डॉक्टरांना विश्रांतीला पुरेशी जागा नाही, बायका आणि पुरुषांसाठी वेगळ्या ड्युटी रूम नाहीत, ३६ तासांच्या पाळ्या, स्वच्छतागृहांची वानवा. देशाचं सर्वोच्च न्यायालय शेगडी आणि ट्रंकेबद्दल बोलत होतं.

आणि त्यावर उपाय काय निघाला? पश्चिम बंगाल सरकारच्या नव्या योजनेत शक्यतो बायकांना रात्रपाळी देऊ नये, अशी सूचना होती. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ती खोडून काढली: बायकांना सवलत नको, सुरक्षितता द्या. सरकारने सूचना मागे घेतली. पण ती सुचली, हेच बोलकं आहे. दार असुरक्षित आहे ना, मग बाईलाच घरी ठेवा. १८८५ साली बाईला आत घेताना जो हिशोब होता, तोच तिला बाहेर काढतानाही: ती कुणाच्या तरी सोयीने असते किंवा नसते.

कागदावर आज बरंच आहे. १९९२ साली केंद्राने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली. २०१३ साली कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्ध कायदा आला. २०१७ साली प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. आमच्या बारामतीसारख्या गावात बहुतेक दवाखाने असतात नवरा-बायकोचे. खाली दवाखाना, वर घर. तिथे पन्नास माणसं नसतात. तिथली डॉक्टरीण स्वतःला रजा देते ती बाळंतपणाच्या दिवसाची, आणि बोर्डावर तिचं नाव बहुधा दुसऱ्या ओळीत असतं. आमच्याही बोर्डावर तसंच होतं. मी कधी विचारलं नाही, नवऱ्याने कधी सुचवलं नाही. पेशंट त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात, मला ‘मॅडम’.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी ट्रंक दाराला लावून झोपले, तेव्हा उपकेंद्रातली नर्सबाई त्याहून लांब, त्याहून एकटी झोपत होती. २००५ नंतर आलेल्या आशाताईंना तर पगार नव्हे, मानधन. सेवेचं नाव जितकं खाली उतरतं तितकं जास्त गोड होतं आणि रक्कम तितकी कमी होते.

७

२०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखलं जातं. संध्याकाळी हातावर पांढरा एप्रन टाकून पाणीपुरीच्या गाडीभोवती उभ्या असलेल्या मुली दिसतात. त्यात नागपूर-नांदेडच्या असतात, तशा आसपासच्या खेड्यांतल्याही. त्यांच्याकडे बघून मला नेहमी उमेद वाटते.

मागच्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर लागली. हुशार, कमी बोलणारी. एका पहाटे तातडीचं सिझेरियन निघालं म्हणून मी वरून खाली आले आणि ड्युटी रूमचं दार ढकललं. ते उघडेना. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला आणि मग ती बाहेर आली. दाराला आतून तिने सलाईनचा स्टँड आणि लोखंडी स्टूल लावलं होतं. ते प्लायवूडचं सरकतं दार मीच बसवून घेतलं होतं, जागा वाचते म्हणून. त्याला कडी नव्हती. अकरा वर्षं नव्हती. अकरा वर्षांत त्या खोलीत किती मुली झोपल्या, मी मोजलेलं नाही. त्यांतल्या एकीनेही मला सांगितलं नाही, जसं मीही तीन अर्जांनंतर सांगायचं सोडून दिलं होतं.

सिझेरियन नीट झालं. मुलगी झाली. सकाळी मी सुताराला बोलावलं. दार बदलायला आणि आतून कडी बसवायला त्याला दोन तास लागले. काम चालू असताना ती पोरगी चहाचा कप घेऊन बाजूला उभी होती. मी म्हटलं, “अगं, सांगायचंस ना.” ती म्हणाली, “मॅडम, मला वाटलं सगळीकडे असंच असतं.”

ओपीडी सुरू झाली होती. बाहेर रिसेप्शनवर कुणीतरी विचारत होतं, लेडी डॉक्टर आहे का. मी त्या मुलीला म्हटलं, तू घरी जाऊन झोप, आणि आत जाऊन खुर्चीत बसले.